तुम्ही विचारलंत म्हणून: "पूर्वीसारखा होईल ना?"

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पेशंटचा नसतो, घरच्यांचा असतो. सेशन संपवून पेशंट बाहेर पडला की आई, नवरा किंवा भाऊ मागे रेंगाळतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, पूर्वीसारखा होईल ना हो तो?" अपघात, आग, मारहाण, अत्याचार अशा प्रसंगांतून वाचलेल्या माणसांबरोबर मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. दारात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरानं ना त्यांचं समाधान होतं, ना माझं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बरा होण्याची शक्यता चांगली आहे. मात्र जे घडलं ते मेंदूतून पुसलं जात नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की घरातली निम्मी घालमेल कमी होते, असा माझा अनुभव आहे.

आधी थोडा दिलासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात असा आघात करू शकणारा एखादा तरी प्रसंग येतो, आणि त्यांतल्या ५.६ टक्क्यांना पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा ताणाचा विकार, होतो. लैंगिक अत्याचारानंतर हे प्रमाण बरंच जास्त असतं. तरीही एकूणात बहुतेकांचा मेंदू जवळच्यांच्या आधारानं आपला आपण सावरतो. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं अपेक्षितच आहे. महिना उलटूनही ते ओसरत नसेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर उपचार हवेत.

मग मेंदूत होतं काय? एका बाईंबद्दल सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अपघात झाला तेव्हा त्या गाडीत शेजारच्या सीटवर होत्या. हाडं जुळली, जखमा भरल्या. पण नंतरही पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हताच तिथे. घोट्यापासून मांडीपर्यंत पाय ताठ, हात दाराच्या कडीवर. नवरा म्हणायचा, "अगं, गाडी मी चालवतोय ना, हळूच चाललोय." त्यांना ते पूर्ण पटायचं. पाय तरीही दाबला जायचा.

पटलं तरी पाय का ऐकत नाही, याचं उत्तर अमिग्डालापाशी आहे. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना असलेला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची दखल घेतो. जोसेफ लेडू या शास्त्रज्ञानं उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की आवाजासारखा इशारा विचार करणाऱ्या मेंदूला वळसा घालून आडवाटेनंही अमिग्डालाला पोचू शकतो. समजूत नंतर येते, शरीर आधी हललेलं असतं. शिवाय दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसा अमिग्डालाही फार बारीक फरक करत बसत नाही. त्या बाईंना पुढे पुढे सिग्नलचा लाल दिवाही चालेना.

"काळ हेच औषध" असं सगळे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे, आणि त्याचा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं, की अशा ताणानं हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात, आणि अमिग्डालातल्या मात्र वाढतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे घटनेला "हे तेव्हा, तिथे घडलं" अशी जागा नेमून देणारा भाग. पुढे २००४ मध्ये त्यांनी उंदरांना २१ दिवस पूर्ण विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पसमधला बदल अशा विश्रांतीनं भरून येतो. अमिग्डालातली वाढ तशीच राहिली आणि उंदीर धास्तावलेलेच राहिले. उंदराच्या मेंदूवरून माणसाबद्दल सरसकट बोलता येत नाही, हे खरंच. पण विश्रांतीनं सगळं भरून येत नाही, हे मी रोज बघते. भीतीला काहीतरी नवं शिकवावं लागतं.

हे शिकवणं म्हणजे काय, ते रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या वेळेपासून माहीत आहे. घंटेनंतर खाणं मिळतं हे शिकलेल्या त्याच्या कुत्र्याला नुसत्या घंटेनंही लाळ सुटायची. घंटेनंतर खाणं देणं बंद केलं की ती थांबायची. काही वेळ जाऊ दिला की नुसत्या घंटेनं ती पुन्हा सुटायची. जुनं शिकणं मिटलं नव्हतं. त्यावर नवं शिकणं बसलं होतं. भीतीचंही तसंच. उपचारांत मेंदू "लाल दिवा म्हणजे टक्कर नव्हे" हा दुसरा धडा शिकतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्याच्या जोरावर अमिग्डालाला आवर घालतो.

त्या बाई आधी बंद गाडीत बसल्या, इंजिनही बंद. भीती शून्य ते शंभरमध्ये किती, हा आकडा सांगत राहायच्या. आकडा चढायचा, आम्ही बसून राहायचो, तो आपला आपण उतरायचा. मग इंजिन सुरू, मग मोकळा रस्ता. त्याच्या जोडीला अपघाताची हकीकत डोळे मिटून, आत्ता घडतेय अशी मोठ्यानं सांगणं, ते रेकॉर्ड करणं आणि घरी रोज ऐकणं. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली ही पद्धत ऐकायला निर्दय वाटते, ते मला कळतं. पण ते रेकॉर्डिंग ऐकता ऐकताच त्या बाईंना टक्करीनंतरचं आठवलं: कुणीतरी दार उघडून त्यांचा हात धरला होता. इतके दिवस त्यांची आठवण टक्करीपाशीच थांबत होती.

आता घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. हा नवा धडा ज्या परिस्थितीत शिकला जातो, तिलाच चिकटून राहतो. दिवसा, कोरड्या रस्त्यावर शिकलेली निर्धास्ती पावसाळी रात्री हजर असेलच असं नाही. त्या बाईंचा पाय पहिल्या पावसात पुन्हा दाबला गेला आणि नवऱ्याचा फोन आला, "सगळं वाया गेलं हो." काहीही वाया गेलं नव्हतं. पावसातला धडा व्हायचा होता, तो आम्ही केला.

आणि प्रेमापोटी तुम्ही जे करता, त्याबद्दलही बोलायला हवं. तो रस्ता टाळून लांबून जाणं, बातमी लागली की टीव्ही बंद करणं, त्याची कामं आपणच उरकणं. सुरुवातीला हे ठीकच आहे. महिनोन् महिने चाललं, तर मेंदूला दुसरा धडा मिळायची संधीच राहत नाही. याचा अर्थ त्याला ओढून त्या जागी न्या असा मुळीच नाही. पाऊल त्यानंच टाकायचं असतं, तयारीनं. तसंच, "आम्हाला काहीच सांगत नाही" असं मनाला लावून घेऊ नका. १९९६ मधल्या एका छोट्या अभ्यासात, आघाताची आठवण जागी केल्यावर बोलण्याशी संबंधित ब्रोका भागातली हालचाल मंदावलेली दिसली होती. शब्द न फुटणं म्हणजे तुमच्यावरचा अविश्वास नव्हे.

काही जण एमआरआयचा रिपोर्ट घेऊन येतात, हिप्पोकॅम्पस लहान आहे म्हणून हादरलेले. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या जुळ्या भावांवरचा २००२ मधला अभ्यास त्यांना मी आवर्जून सांगते: पीटीएसडी झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि युद्धावर न गेलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही. म्हणजे दिसेल ते सगळं नुकसान आघातानंच झालेलं नसतं. पीटीएसडीचं निदान एमआरआयवरून होतही नाही.

उपचार शोधताना थेट विचारा: "तुम्ही आघातावर केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर शिकला आहात का?" सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धती; वर सांगितलेली पद्धत याच प्रकारातली. ईएमडीआरमध्ये डोळ्यांच्या हालचालींच्या जोडीनं आठवणीवर काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये याच दोन्ही पद्धतींची शिफारस केली. नुकताच प्रसंग घडलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातल्या शांत करणाऱ्या गोळ्या या त्रासावरचा उपाय म्हणून देऊ नयेत, असंही त्यात आहे. घरात उरलेली कुणाची तरी गोळी तर अजिबात देऊ नका. आणि जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली, तर महिन्याचा हिशोब बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.