आमची वाटचाल : पाच तारखांची लाल वही

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ८८ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत. त्यांतल्या काही काउंट्या, आणि बरीच शहरं, आपल्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याची बिलं विमा कंपनीच्या गळ्यात न घालता स्वतःच्या फंडातून भागवतात. त्या फंडाच्या हिशेबावर नजर ठेवणं हा आमच्या पेढीचा धंदा. क्लेम, म्हणजे बिलांचे दावे, मंजूर करणं टीपीएचं (त्यासाठी बाहेरून नेमलेल्या कंपनीचं) काम. स्टॉप-लॉसची पॉलिसी, म्हणजे एका रुग्णाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर वरचं भरणारा विमा, आणणं ब्रोकरचं. फंडात किती आलं, किती गेलं, आणि किती जायचं आहे पण अजून कागदावर उमटलेलं नाही, एवढंच आम्ही सांगतो आणि त्याची ठरलेली फी घेतो. कमिशन एक सेंटही घेत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

पेढी सुरू झाली कोलंबसमध्ये, दोघांच्या भागीदारीत. माझ्या भागीदारांना सगळे काका म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत आयुर्विम्याच्या हिशेबात घातली होती, त्यामुळे आकड्यांना ते घाबरत नसत. घाबरत ते फक्त तारखांना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दादरहून आणलेली लाल कापडी बांधणीची वही टेबलावर ठेवली आणि पट्टीने पाच रकाने आखले : उपचार झाला ती तारीख, बिल टीपीएकडे पोचलं ती, मंजूर झालं ती, टीपीएने काउंटीकडे पैसे मागितले ती, आणि चेक सुटला ती. स्टॉप-लॉसच्या डिडक्टिबलच्या, म्हणजे त्या मर्यादेच्या, निम्म्यापर्यंत पोचलेला प्रत्येक रुग्ण वहीत यायचा, नावाने नाही, क्रमांकाने. डिडक्टिबल दीड लाख डॉलर असेल तर पंचाहत्तर हजारांना नोंद. स्टॉप-लॉस कंपनीलाही बहुधा याच टप्प्याला सूचना द्यावी लागते, म्हणजे वही भरली की ते कामही आपोआप होतं.

"अहो, एक्सेल आहे ना," असं म्हटलं की काकांचं उत्तर ठरलेलं : "एक्सेलमध्ये रिकामा चौकोन दिसत नाही. वहीत डोळ्यात खुपतो." शेवटचा रकाना रिकामा म्हणजे पैसे सुटलेले नाहीत, आणि पैसे सुटलेले नाहीत म्हणजे स्टॉप-लॉसच्या लेखी क्लेम झालेलाच नाही.

दुसरं हत्यार म्हणजे त्रिकोण. आडव्या ओळीत उपचाराचा महिना, उभ्या रकान्यात पैसे दिल्याचा महिना, किमान चोवीस महिन्यांचा, शक्यतो छत्तीस. जुने महिने पूर्ण भरलेले, अलीकडचे अर्धवट. तो अर्धवट भाग म्हणजे आयबीएनआर, झालेलं पण न आलेलं देणं. नवखा माणूस इथे तीन चुका हमखास करतो. औषधं आणि वैद्यकीय बिलं एकाच त्रिकोणात घालतो. औषधांचा हिशेब दोन-तीन आठवड्यांत मिटतो, हॉस्पिटलचा चार-चार महिने रेंगाळतो, आणि मिसळले की दोन्ही बिघडतात. डिडक्टिबलच्या वरची रक्कम आधी वजा करत नाही, मग एकाच प्रत्यारोपणाने अख्खी ओळ फुगते. आणि शेवटच्या दोन महिन्यांच्या गुणकावर (आलेल्या क्लेमवरून पूर्ण महिना काढायच्या आकड्यावर) विश्वास ठेवतो. महिन्याचे जेमतेम आठ टक्के क्लेम आले असतील तर त्या आठवरून शंभर काढणं हा जुगार आहे. तिथे माणशी खर्च गुणिले सभासद हेच बरं. महिन्याला सहा लाख डॉलर वैद्यकीय क्लेम देणाऱ्या काउंटीला साधारण नऊ लाखांचा आयबीएनआर निघतो. तीन लाख निघाला तर आनंद मानू नये, टीपीएकडे बिलं तुंबली आहेत का ते आधी विचारावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली एक मोठी क्लेम-वहनाची यंत्रणा सायबर हल्ल्याने बंद पडली, तेव्हा नेमकं हेच दिसलं. हॉस्पिटलांची बिलं पोचेनात, टीपीएच्या साप्ताहिक निधी-मागण्या घसरल्या, आणि काही फायनान्स डायरेक्टरांनी खर्च आटोक्यात आल्याचं मंडळाला कळवूनही टाकलं. उन्हाळ्यात सगळं एकदम अंगावर आलं. ते महिने आमच्या त्रिकोणात आजही राखाडी रंगात आहेत. गुणक काढताना ते वगळावेच लागतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या सहाव्या वर्षी पेढी बुडायची वेळ आली.

सहाशे कर्मचाऱ्यांची एक काउंटी, आमची सर्वांत मोठी गिऱ्हाईक. त्यांचा स्टॉप-लॉस करार १२/१२ : उपचारही त्या बारा महिन्यांतला हवा आणि पैसेही त्याच बारा महिन्यांत सुटलेले हवेत. १२/१५ घेतला असता तर पैसे द्यायला आणखी तीन महिने मिळाले असते. तो घ्या, असं आम्ही लेखी सुचवलं होतं. ब्रोकर म्हणाला, प्रीमियम वाढेल. प्रकरण मिटलं.

त्या वर्षी एक बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं. आधीची बिलं ९० हजार डॉलर झाली होती, आणि २२ डिसेंबरला टीपीएने ३ लाख ८६ हजारांचं एक बिल मंजूर केलं. एकूण ४ लाख ७६ हजार, त्यातून दीड लाख डिडक्टिबल वजा, म्हणजे ३ लाख २६ हजार स्टॉप-लॉस कंपनीकडून यायला हवे होते. टीपीएने २३ तारखेला निधी मागितला. फंडात पैसे होते. पण ओहायोत फंडात पैसे असून भागत नाही, त्या वर्षाची तरतूद शिल्लक असावी लागते, आणि ऑडिटरने, म्हणजे काउंटीच्या मुख्य हिशेबनीसाने, तसं प्रमाणित करावं लागतं. आरोग्य फंडाची तरतूद संपत आली होती. वाढीव तरतुदीला कमिशनरांचा, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांचा, ठराव हवा, आणि नाताळपूर्वीची त्यांची शेवटची बैठक आदल्या दिवशी उरकली होती. चेक सुटला ४ जानेवारीला.

स्टॉप-लॉस कंपनीने पॉलिसीतली 'पेड'ची व्याख्या समोर ठेवली : चेक काढलेला, धाडलेला आणि खात्यात त्यापुरते पैसे असलेले. दावा फेटाळला. नव्या वर्षाला ब्रोकरने कंपनी बदलली होती, तिचाही करार १२/१२. ती म्हणाली, उपचार आमच्या मुदतीतला नाही. २४/१२ घेतला असता तर निदान नव्या डिडक्टिबलच्या वरचं तरी मिळालं असतं. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्या ३ लाख २६ हजारांची गत झाली.

आणि दोष आला आमच्यावर. "हिशेबवाले झोपले होते," असं ब्रोकरने भर बैठकीत सांगितलं. आम्ही ऑक्टोबरमध्येच वाढीव तरतूद मागणारं पत्र दिलं होतं, त्यात वर्षअखेरीला पाच लाखांची तूट दाखवली होती. ते पत्र बैठकीच्या कागदांत लावलंच गेलं नव्हतं. काकांनी लाल वही उघडून पाच तारखा दाखवल्या. कोणी वाकूनही पाहिलं नाही. महिन्याभरात ती काउंटी गेली, मागोमाग आणखी दोन गिऱ्हाइकं. पाचांतली तीन.

आमच्या जागी आलेल्या सल्लागाराने काम 'फुकट' करून देतो म्हटलं. फुकट म्हणजे स्टॉप-लॉसच्या प्रीमियममध्ये मुरवलेलं कमिशन. खासगी कंपन्यांच्या आरोग्य योजनांना सल्लागाराने आपली कमाई लेखी सांगायची, असा नियम २०२१ अखेरपासून आहे, पण सरकारी योजना त्यातून बाहेर. काउंटीने करारात मागितलं तरच कळतं, आणि बहुतेक जण मागतच नाहीत. पहिल्या वर्षी या गृहस्थांनी दरवाढ शून्य दाखवली. निवडणुकीचं वर्ष होतं, सगळे खूश. शून्य कसं आलं? गंगाजळीतून. आयबीएनआरला हात लावून दर रोखला. दुसऱ्या वर्षी स्टॉप-लॉस कंपनीने एका रुग्णावर लेझर लावला, म्हणजे सगळ्यांना डिडक्टिबल दीड लाख आणि त्या एकाला सहा लाख. नूतनीकरणाच्या तक्त्यात प्रीमियम कमी दिसला, लेझर तळटिपेत गेला. सहा वजा दीड, साडेचार लाखांची जोखीम फंडावर आली आणि अंदाजपत्रकात तिचा एक आकडाही नव्हता. पुढे काय झालं ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. त्यांच्या पगारातून कपात वाढली.

तगलो ते एका छोट्या शहराच्या फायनान्स डायरेक्टर बाईंमुळे. जेमतेम १४० कर्मचारी. इतक्या लहान गटाने स्वतःचा फंड चालवू नये असं आमचं मत तेव्हाही होतं, आजही आहे. बाईंनी आमची निंदा ऐकली, फोन केला आणि एकच विचारलं, "चेक कोणत्या तारखेला सुटला?" उत्तर ऐकून म्हणाल्या, "मग तुमचा दोष नाही," आणि करार दोन वर्षांनी वाढवला. दर मंगळवारी दहा वाजता त्यांच्याबरोबर तिहेरी मेळ : टीपीएचं चेक रजिस्टर, बँकेचं स्टेटमेंट, शहराची खतावणी. रद्द झालेला चेक टीपीएकडे वजा आणि खतावणीत जमा नाही, हा फरक सर्वाधिक निघतो. एका मंगळवारी ४१ डॉलर जमेनात. बाईंनी पाऊण तास फोन ठेवला नाही. शेवटी निघालं, एका कर्मचाऱ्याच्या हिश्श्याच्या परताव्याची दुबार नोंद.

नंतरची नऊ वर्षं ताळा जमत गेला. गिऱ्हाइकं परत वाढली, काका निवृत्त होऊन नाशिकला गेले, वही इथेच आहे. तिसरी.

या धंद्यात येऊ पाहणारी आपली मुलं अधूनमधून भेटतात, म्हणून चार शब्द. आयबीएनआरवर स्वतः सही करू नका. ओहायोच्या कायद्याने वर्ष संपल्यापासून नव्वद दिवसांत ॲक्च्युअरी (विमा-गणिती) अकादमीच्या सभासदाचा दाखला लागतो. त्याला पैसे द्या आणि त्याच्याशी भांडा, पण सही त्याची. सभासदांच्या याद्या दरमहा तीन ठिकाणच्या जुळवा : पगारपत्रक, टीपीए, स्टॉप-लॉसचं बिल. सव्विसावं वर्ष उलटलेली मुलं आणि घटस्फोट झालेले जोडीदार तिथेच सापडतात. टीपीए साधारण साठ दिवसांच्या मागची फी परत करत नाही, तेव्हा तिमाहीची वाट पाहू नका. औषधांचा रिबेट (औषध कंपन्यांकडून मागाहून मिळणारी सूट) हाती येण्याआधी उत्पन्नात धरू नका. तो दोन तिमाही उशिरा येतो आणि सांगितल्यापेक्षा कमी येतो. पीकोरी फीचा (वैद्यकीय संशोधनासाठी केंद्र सरकार घेतं त्या फीचा) ७२० फॉर्म ३१ जुलैला जातो; २०२४ च्या कॅलेंडर वर्षाला माणशी ३.४७ डॉलर, आणि माणशी म्हणजे बायकामुलं धरून. रक्कम किरकोळ, विसरतात मात्र सगळे. स्टॉप-लॉसच्या करारात 'पेड'ची व्याख्या कोणत्या पानावर आहे ते सही करण्याआधी गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवा.

आमच्याकडे वर्षअखेरीचं वेळापत्रक आता ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी भिंतीवर लागतं. वाढीव तरतुदीचा ठराव नोव्हेंबरच्या दुसऱ्या बैठकीत. वहीतल्या रिकाम्या चौकोनांची यादी टीपीएला १ डिसेंबरला. शेवटची निधी-मागणी १५ ला, पैसे १७ ला, आणि १९ ला टीपीएकडून चेक क्रमांकासह लेखी उत्तर. एखादा मोठा क्लेम त्यानंतर मंजूर झालाच, तर तेवढ्यासाठी स्वतंत्र वायर, म्हणजे बँकेतून थेट पैसे. त्याचा फॉर्म ऑडिटरच्या सहीनिशी आधीच भरून ठेवलेला असतो, फक्त रक्कम कोरी.