रस्टशी जमवून घेताना

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मशिनांच्या सेन्सरची रीडिंग गोळा करणारा प्रोग्राम सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत होता. रात्रपाळीत तो मधूनच बसायचा. सुपरवायझरचा फोन यायचा, "बेन, पाछुं बंद पडी गयुं," आणि स्क्रीनवर नुसतं "सेगमेंटेशन फॉल्ट". म्हणजे प्रोग्रामने मेमरीत भलतीकडे हात घातला; पण कुठे, कशामुळे, काही पत्ता नाही. शेवटी तो रस्ट या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवातीला कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम, काही पुढे जाऊ देईना. रीडिंगचा व्हेक्टर, म्हणजे यादी, एका फंक्शनला दिला, खालच्या ओळीत पुन्हा वापरला, की एरर ई०३८२: रस्टमध्ये व्हॅल्यूचा मालक एका वेळी एकच, फंक्शनला दिली की मालकी तिकडे जाते. पण तो एरर वाचण्यासारखा होता. व्हॅल्यूची मालकी कोणत्या ओळीत गेली तिथे रेघ, ती पुन्हा कुठे वापरली तिथे दुसरी रेघ, आणि खाली सल्ला: वेगाला बसणारी झळ चालणार असेल तर क्लोन करा, म्हणजे प्रत काढा. ही "चालणार असेल तर" अट मला फार आवडली. एखादा जुना, समंजस सहकारी असंच सांगेल. एवढ्यावर नाही समजलं, तर रस्टसीला, म्हणजे त्या कंपायलरलाच, एक्सप्लेन म्हणून तो नंबर द्यायचा, उदाहरणासकट खुलासा मिळतो. हे आपोआप झालेलं नाही. २०१६ साली रस्टवाल्यांनी एररची मांडणीच बदलली, आणि त्यात एल्म या भाषेकडून बरंच घेतलं.

कार्गो या रस्टसोबत येणाऱ्या साधनाबद्दल थोडक्यात: लायब्ररी घेणं, बिल्ड म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम तयार करणं, टेस्ट, सगळं एकाच ठिकाणी. सी प्लस प्लसच्या बिल्डसाठी लागणाऱ्या सीमेकच्या फाइलींशी झटापट केलेल्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको. फॉरमॅटिंगही तोच करून देतो, त्यामुळे कंस कुठे द्यायचा यावरून रिव्ह्यूत होणारे वाद मिटले.

आमचा पायथनवाला सहकारी विचारतो, "एवढी कटकट कशाला?" त्याचंही बरोबर आहे. महिन्याचे रिपोर्ट आजही पायथनमध्येच निघतात, तिथे रस्ट आणणं म्हणजे उगाच हौस. शिवाय २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून पायथनचे एररही बरेच सुधारलेत, नाव चुकलं तर "हे म्हणायचं होतं का?" असं विचारतात.

रस्टचा पूर्ण बिल्ड लावला की टपरीवर जाऊन येता येतं, ही तक्रार कायम आहे. लाइफटाइमच्या, म्हणजे उसना घेतलेला डेटा कुठवर टिकेल हे सांगणाऱ्या, खुणाही अजून नकोशा वाटतात. जमेल तिथे त्या टाळून मी सरळ क्लोन करते. एक रीडिंग असतं जेमतेम काही बाइटचं, तेवढी झळ आमच्या मशिनला सोसते.