सुट्टीतलं वाचन: व्हर्नची पंधरा मुलं आणि आमचा नकाशा

या मे महिन्यात ज्यूल व्हर्नची 'दोन वर्षांची सुट्टी' वाचायला घेतली आहे. १८८८ सालची कादंबरी, तीस प्रकरणं. मी इंग्रजी अनुवादातून मोठ्याने वाचते, अडेल तिथे मराठीत सांगते, आणि आठवीतली भाची आलेखाच्या वहीत बेटाचा नकाशा काढत जाते. नियम एकच: मुलांच्या डोळ्यांना जे दिसलं तेवढंच वहीत उतरवायचं. पुस्तकातला छापील नकाशा आम्ही अजून उघडलेला नाही.

वादळ आणि ऑकलंड

पहिल्याच पानावर ९ मार्च १८६०ची रात्र, खवळलेला पॅसिफिक आणि 'स्लूगी' नावाचं छोटं शिडाचं जहाज. सुकाणूवर चार मुलं, त्यातला सगळ्यात मोठा चौदा वर्षांचा. मोठं माणूस एकही नाही. का नाही, ते व्हर्न लगेच सांगत नाही. आधी जहाज किनाऱ्याला लावतो आणि मग आपल्याला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या शाळेत मागे नेतो. सहा आठवड्यांची सहल ठरलेली, मुलं आदल्या रात्रीच जहाजावर जाऊन झोपलेली, खलाशी किनाऱ्यावर, आणि जहाज बांधलेला दोर सुटलेला. तो सुटला कसा, हे कोणालाच माहीत नाही.

पुढे वारा त्यांना पूर्वेकडे ढकलत नेतो. इथे भाचीने तिचं भूगोलाचं पुस्तक आणलं. "मावशी, हे गरजणारे चाळीस!" त्या पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा तिने परीक्षेसाठी पाठ केला होता, आता त्यात पंधरा मुलं सापडली होती. दक्षिण गोलार्धात जूनमध्ये बर्फ का पडतो, हेही तिनेच मला समजावलं.

बेट की मुख्य भूमी?

सुरुवातीच्या भागात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. उत्तर बदललं की जगण्याचा सगळा बेत बदलतो: मुख्य भूमी असेल तर चालत निघायचं, बेट असेल तर थंडीची सोय करायची. मुलांपैकी ब्रियांला पूर्वेला पाण्याची रेघ दिसते, दुसरा मुलगा डोनिफन मानायला तयार नाही. आम्हीही नकाशाची पूर्व बाजू पेन्सिलने पुसट ठेवली. मग झाडावर कोरलेली 'एफ. बी.' ही अक्षरं आणि १८०७ हे साल सापडतं, पुढे गुहा, सांगाडा, आणि फ्रांस्वा बोद्वां या खलाशाने काढलेला नकाशा. त्या नकाशाने आमची अर्धी वही एका संध्याकाळी भरली. बोद्वांने जे पाहिलं ते आम्ही तांबड्या शाईने काढलं आणि मुलांनी पाहिलं ते निळ्या. ही दोन शायांची पद्धत करून पाहाच. कोणाला काय आणि कधी कळलं, ते एका नजरेत दिसतं.

मधली प्रकरणं

शिकार, सीलच्या चरबीचं तेल, शहामृगासारख्या पक्ष्यावर स्वार व्हायला निघालेला सर्व्हिस नावाचा मुलगा. हा भाग थोडा रेंगाळतो. पण गॉर्डनने लावलेलं वेळापत्रक मन लावून वाचा: मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचं, बॅक्स्टरने रोजनिशी लिहायची. निर्मनुष्य बेटावर ही मुलं शाळा सोडत नाहीत.

मग पुढारी निवडायचं मतदान येतं. मोको हा जहाजावरचा काळा मुलगा. वादळात सुकाणू धरलेल्या चौघांपैकी एक, सगळ्यांना जेवू घालणारा तोच. त्याला मत नाही, आणि व्हर्नला त्यात काही वावगं वाटत नाही. भाचीने विचारलं, "पण का?" मी वाचन थांबवलं आणि आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. मुलांसोबत वाचत असाल तर ही पानं ओलांडून पुढे जाऊ नका.

कादंबरी धरून ठेवते ती कशामुळे

वादळं, अस्वलं, जग्वार सगळं आहे. पण मला खरी ओढ लागली ती ब्रियां आणि डोनिफनच्या दुहीची, आणि ब्रियांचा धाकटा भाऊ जाक याच्या गप्प राहण्याची. शाळेत हा अव्वल खोडकर होता. बेटावर मात्र प्रत्येक धोक्याचं काम स्वतःहून मागून घेतो. व्हर्न कारण सांगत नाही, फक्त पुनःपुन्हा त्याच्याकडे बघायला लावतो. भाचीने तिचा अंदाज वहीच्या शेवटच्या पानावर लिहून कागद दुमडून ठेवला होता.

सध्या कुठे आहोत

काल पतंगाचं प्रकरण झालं. बेटावर बंडखोर खलाशी उतरलेत, त्यांचा तळ कुठे हे शोधायला मुलं माणूस पेलेल एवढा पतंग बांधतात आणि रात्री ब्रियां त्याला टांगून वर जातो. पण वर कोणी जायचं यावरून जे बोलणं होतं, तिथेच सगळ्या गाठी सुटतात. सांगत नाही. दुमडलेला कागद उघडला, अंदाज बरोबर होता.

ब्रियांला वरून जे दिसलं ते निळ्या शाईने काढायचं काम आज आहे. उरलेली प्रकरणं या आठवड्यात संपवू, मग छापील नकाशा शेजारी ठेवून आमचा कुठे चुकला ते कळवते.