अडीच वर्षांचा सोटो

२ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकी बेसबॉलमधल्या वॉशिंग्टन नॅशनल्सनी आपला स्टार बॅटर हुआन सोटो सॅन डिएगो पाद्रेसला देऊन टाकला. सोबत फर्स्ट बेसमन जॉश बेल. बदल्यात सहा जण आले: मॅकेन्झी गोर, सी. जे. एब्रम्स, रॉबर्ट हॅसेल, जेम्स वुड, जार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट. सोटो तेव्हा २३ वर्षांचा होता आणि १५ वर्षांचा, ४४ कोटी डॉलरचा करार त्याने नुकताच नाकारला होता. असा खेळाडू कोणी सोडतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो.

माझ्या मते तो प्रश्नच जरा वाकडा आहे. नॅशनल्सकडे विकायला होते ते सोटोचे अडीच मोसम. बेसबॉलमधला ट्रेड, म्हणजे क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल, समजून घ्यायची तर खेळाडूचं नाव बाजूला ठेवून आधी दिवस मोजायला बसावं लागतं.

मेजर लीगचा मोसम साधारण १८६ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस खेळाडू मेजर लीगच्या यादीत असला की त्याच्या नावावर एक वर्षाची सर्व्हिस जमा होते. पहिली तीन वर्षं क्लब देईल तो पगार, म्हणजे बहुतेकांना किमान वेतन. २०२२ मध्ये ते ७ लाख डॉलर होतं, २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशन: क्लब एक आकडा सांगतो, खेळाडू दुसरा, आणि तडजोड झाली नाही तर लवाद दोनपैकी एकच आकडा उचलतो, मधला नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा. यात एक पोटकलम आहे. ज्यांची सर्व्हिस दोन ते तीन वर्षांच्या मधे आहे, त्यांतल्या वरच्या २२ टक्क्यांना आर्बिट्रेशन एक वर्ष आधी मिळतं. त्यांना ‘सुपर टू’ म्हणतात. मे २०१८ मध्ये आलेला सोटो यातच बसला, म्हणून त्याला चार आर्बिट्रेशन मिळाले: २०२१ मध्ये ८५ लाख, २०२२ मध्ये १.७१ कोटी, २०२३ मध्ये २.३ कोटी, २०२४ मध्ये ३.१ कोटी डॉलर.

आयपीएलच्या सवयीने हे सगळं चमत्कारिक वाटतं. तिथे काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि संघ जवळजवळ नव्याने उभे राहतात. एकोणीस वर्षांच्या पोराला आत्ता घ्यायचं आणि त्याचं फळ पाच वर्षांनी खायचं, हा हिशेब त्या बाजारात बसतच नाही.

१७२ दिवसांचा हा आकडा क्लब कसा वापरतात याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे क्रिस ब्रायंट. २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मोसमाआधीच्या सरावात, ९ होम रन मारूनही शिकागो कब्जनी त्याला मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. मोसमाअखेर त्याच्या नावावर १७१ दिवस. एका दिवसाने वर्ष हुकलं आणि कब्जना त्याचं एक अख्खं जास्तीचं वर्ष मिळालं. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२२ च्या करारात यावर थोडं औषध आलं: वरच्या शंभरातला प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू तरुण खेळाडू, पूर्ण वर्ष वर ठेवला आणि तो रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) झाला, तर क्लबला जादा ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एक जादा पाळी. लबाडी संपलेली नाही, पण प्रामाणिकपणाला निदान भाव आला.

आता सोटोच्या ट्रेडकडे परत. पाद्रेसला मिळाले २०२२ चे दोन महिने, २०२३ आणि २०२४. नॅशनल्सकडे गोर २०२७ पर्यंत, एब्रम्स २०२८ पर्यंत, आणि तेव्हा मेजर लीगपासून लांब असलेल्या वुड, हॅसेल, सुसाना यांचं तर घड्याळच सुरू झालेलं नव्हतं. सहावा व्हॉइट हा ऐन वेळचा भरणा. त्या जागी मुळात पाद्रेसचा एरिक हॉस्मर जायचा होता; पण नॅशनल्सकडे जायला नकार देण्याचा हक्क त्याच्या करारात होता आणि त्याने तो वापरला. पाद्रेसनी त्याच दिवशी त्याला बोस्टनला धाडलं. कागदावर ठरलेला ट्रेड असाही अडतो. नकाराचं कलम करारात नसलं तरी दहा वर्षं सर्व्हिस आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबकडे झाली की कोणत्याही खेळाडूला हा हक्क आपोआप मिळतो.

या सहा जणांत वुड तेव्हा १९ वर्षांचा, मायनरच्या लो-ए या खालच्या पातळीवर. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तो दुसऱ्या फेरीत गेला होता. पुढे २०२५ मध्ये त्याने ३१ होम रन मारले आणि ऑल-स्टार झाला. गोर मात्र २०१७ च्या ड्राफ्टचा तिसरा पिक, एकेकाळी सगळ्यांत चर्चेतला तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. ट्रेडच्या दिवशी तो कोपर दुखावून जखमींच्या यादीत होता. पिचर प्रॉस्पेक्टचं हेच आहे. कोपराच्या लिगामेंटची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की १२ ते १८ महिने गेले, आणि परतल्यावर नेम पूर्वीचाच राहील याची हमी नाही. म्हणून सारख्याच मानांकनाचे दोन पोरगे समोर असतील तर मी बॅटर उचलेन, डोळे मिटून.

मानांकनावरून एक गोष्ट. स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारे, २० ते ८० च्या मापाने गुण देतात, पाच-पाचच्या पायऱ्यांनी. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. आपल्याला ५० म्हटलं की काठावर पास झालेला मुलगा आठवतो, त्यामुळे ‘फक्त ५०?’ असं वाटतं. प्रत्यक्षात एकूण ५० गुणांचा प्रॉस्पेक्ट म्हणजे रोज मैदानावर उतरणारा मेजर लीग खेळाडू, आणि तसे एका क्लबच्या फार्ममध्ये, म्हणजे त्याच्या मायनर संघांत, मूठभरच असतात. ४५ म्हणजे बाकावरचा. ट्रेडमध्ये ‘चार प्रॉस्पेक्ट मिळाले’ असं वाचलं की त्यात ५० च्या वर किती आणि ४० चे किती हे आधी बघावं. ४० चे चार मिळून एक ६० होत नाही, कारण मैदानावर जागा एकच असते.

जागेचा हा प्रश्न लोक नेहमी विसरतात. सक्रिय यादी २६ जणांची, त्यात जास्तीत जास्त १३ पिचर. त्यामागे ४० जणांची यादी. जखमी खेळाडू ६० दिवसांच्या यादीत गेला की चाळीसातली जागा मोकळी होते; पण वर्ल्ड सिरीज संपली की पाच दिवसांत ते सगळे परत चाळीसात येतात. लगेच नोव्हेंबरच्या मध्याला रूल ५ ची मुदत. १८ किंवा त्याहून लहान वयात करारबद्ध झालेल्या पोराला साधारण पाच मोसमांनंतर, मोठ्याला चारनंतर चाळीसात घ्यावंच लागतं. नाहीतर डिसेंबरच्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब एक लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. अट एवढीच की त्याला पुढचा पूर्ण मोसम सक्रिय यादीत ठेवायचं, नाहीतर पन्नास हजारांत परत द्यायचं.

फार्म भरलेलं असलं की इथे घोडं अडतं. टँपा बे रेजचं दरवर्षी अडतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये जागा नाही म्हणून त्यांनी क्रिस्टोफर सांचेझ नावाचा डावखुरा पिचर फिलाडेल्फियाला दिला आणि कर्टिस मीड घेतला, ज्याला चाळीसात घ्यायची घाई नव्हती. व्यवहार तेव्हा अगदी शहाणपणाचा होता. सांचेझ २०२५ मध्ये नॅशनल लीगच्या साय यंगच्या, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला. याच रेजनी २०१८ मध्ये क्रिस आर्चर पिट्सबर्गला देऊन टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि ‘नाव नंतर ठरवू’ म्हणून शेन बाझ मिळवला होता. मला यातून रेज कमी हुशार दिसत नाहीत. यादीच्या कडेला उभा असलेला ३९ वा, ४० वा माणूस किती महाग पडू शकतो, ते दिसतं.

ऑप्शनचंही असंच. चाळीसातल्या खेळाडूला तीन मोसम मायनरमध्ये पाठवता येतं. एका मोसमात २० दिवस खाली राहिला की एक ऑप्शन खर्च. तिन्ही संपले की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या सगळ्या क्लबसमोर ठेवावं लागतं. ऑप्शन शिल्लक असलेला साधा रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मधे येणारा पिचर, आणि ऑप्शन संपलेला बरा रिलीव्हर यांत बरेच जनरल मॅनेजर पहिला निवडतात. दुहेरी सामने आणि अतिरिक्त डाव झाले की दुसऱ्या दिवशी ताजा हात लागतो, आणि तो वर आणायचा तर कोणाला तरी खाली धाडता आलं पाहिजे.

पाद्रेसवर परत येऊ, कारण त्यांच्यावर अन्याय होतो असं मला वाटतं. २०२२ मध्ये ते १११ सामने जिंकलेल्या डॉजर्सना हरवून लीगच्या अंतिम मालिकेत पोचले, फिलाडेल्फियाशी हरले. २०२३ मध्ये ८२-८०, प्लेऑफच्या बाहेर. मग डिसेंबरमध्ये पाद्रेसचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलरनी सोटोचं उरलेलं एक वर्ष ट्रेंट ग्रिशमसकट यांकीजला विकलं आणि पाच जण घेतले. त्यातल्या मायकल किंगने २०२४ मध्ये २.९५ च्या ईआरएने (नऊ डावांमागे दिलेल्या धावा; कमी तितकं चांगलं) स्टार्टरची, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरची, जागा सांभाळली. दुसरा ड्रू थॉर्प; तो मार्चमध्ये आणखी तिघांसोबत शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला आणि डिलन सीझ आला. किंग आणि सीझ दोघांचाही ताबा २०२५ पर्यंत. म्हणजे सोटोच्या एका वर्षातून दोन स्टार्टरची दोन-दोन वर्षं निघाली. २५ जुलै २०२४ ला सीझने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही, तोही नेमका नॅशनल्सविरुद्ध. पाद्रेस त्या वर्षी ९३ सामने जिंकले.

यांकीजनी तेच एक वर्ष वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं, ४१ होम रन वसूल केले आणि मग सोटो ७६.५ कोटींवर मेट्सकडे गेला. यांकीजना भरपाई काय, तर चौथ्या फेरीनंतरचा एक ड्राफ्ट पिक. लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडच्या पगारखर्चावरचा कर, भरणाऱ्या क्लबला एवढंच मिळतं. तरीही त्यांचा सौदा मला वाईट वाटत नाही. वर्ष विकत घेतलं आणि ते वापरलं.

प्रेलर काही साधुपुरुष नाहीत. २०१६ मध्ये ड्रू पोमरान्झच्या वैद्यकीय नोंदी बोस्टनला पूर्ण न दिल्याबद्दल लीगने त्यांना ३० दिवस बिनपगारी निलंबित केलं. गंमत अशी की त्या ट्रेडमध्ये मिळालेल्या अँडरसन एस्पिनोझाच्याच कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि तो पाद्रेसच्या मेजर लीग संघाकडून एकही चेंडू टाकू शकला नाही. पोमरान्झने २०१७ मध्ये बोस्टनला १७ सामने जिंकून दिले.

राहता राहिले नॅशनल्स. वर्षांच्या मोजणीत ते सरळ जिंकले: एब्रम्स, गोर, वुड, तिघेही ऑल-स्टार झाले. आणि संघ? २०२३ ला ७१ विजय, २०२४ ला ७१, २०२५ ला ६६. जुलै २०२५ मध्ये जनरल मॅनेजर माइक रिझो आणि मॅनेजर डेव्ही मार्टिनेझ दोघांनाही घरी पाठवलं. कारण सोटोच्या ट्रेडमध्ये नाही, आसपास आहे. पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्गला डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला २४.५ कोटींचा करार नाकापेक्षा मोती जड झाला. त्यानंतर तो एकूण ८ सामन्यांत उतरला. मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर २०२१ मध्ये डॉजर्सना देऊन आणलेल्या चौघांतून संघाचा कणा उभा राहिला नाही.

स्वस्त वर्षं साठवता येत नाहीत. संघ हरत असला तरी ती जळतच राहतात. गोरचं मेजर लीगमधलं घड्याळ २०२२ पासून चालू, वुडचं १ जुलै २०२४ ला सुरू झालं. एब्रम्स २०२८ अखेर मोकळा, वुड २०३० अखेर. या दोघांची एकत्र वर्षं मोजली तर साडेचार भरतात, आणि त्यातलं पहिलं दीड ९१ आणि ९६ पराभवांच्या मोसमांत गेलं.