तुपाविना वरणभात: उष्टावणापासून पाडव्यापर्यंत

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी उष्टावणाला चांदीच्या वाटीत खीर असते आणि ती मामाने भरवायची असते. गेल्या जुलैत माझ्या लेकीचे उष्टावण झाले तेव्हा वाटी तीच होती आणि मामाही आला होता, पण वाटीत मुगाच्या वरणात कालवलेला गुरगुट्या भात होता आणि त्यावर तुपाचा थेंबही नव्हता. सासूबाईंनी ती वाटी माझ्या भावाच्या हाती दिली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. घरच्या पहिल्या नातीचा पहिला घास तुपाविना जावा, हे त्यांना फार लागले होते आणि खरे तर मलाही.

लेक अडीच महिन्यांची असताना तिच्या शौचात आव आणि रक्ताचे बारीक धागे दिसू लागले होते आणि मानेच्या वळ्यांत लाल चट्टे उठले होते. आधी एका ठिकाणी जंतुसंसर्ग समजून औषध दिले गेले. दुसरीकडे लॅक्टोज पचत नसल्याचे सांगण्यात आले. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र बाळाला तपासण्याबरोबरच मी दिवसभरात काय खाते, हेही विचारले आणि ही दुधाची ॲलर्जी असावी, असे सांगितले. लॅक्टोज ही दुधातील साखर आहे, तर ॲलर्जी येते ती दुधातील केसिन आणि व्हे या प्रथिनांची. आईने घेतलेल्या दुधातील प्रथिनांचा अंश अंगावरच्या दुधातूनही बाळापर्यंत पोहोचतो, हे त्यांनी समजावून सांगितले. मी दूध, दही, ताक, पनीर, तूप आणि दुधाचा चहा बंद केला. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबले. निदान पक्के करण्यासाठी डॉक्टरांनी मला पुन्हा दूध घ्यायला लावले आणि चौथ्या दिवशी रक्त परत दिसले. तिची ॲलर्जी उशिरा परिणाम दाखवणारी असल्याने ती रक्ततपासणीत सापडणारी नव्हती. अशी पारख करणे हाच तिच्या निदानाचा मार्ग होता.

सहा महिने पूर्ण होताना खरा प्रश्न उभा राहिला, कारण आपल्याकडे बाळाचे पहिले पदार्थ म्हणजे खीर, शिरा आणि दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व. बाजारातील झटपट पिठांच्या बहुतेक डब्यांवरही दुधाची भुकटी लिहिलेली आढळली. आठवडाभर मी या गोड पदार्थांत दुधाला पर्याय शोधत राहिले आणि मग लक्षात आले, की शोधण्याची दिशाच चुकते आहे. पेज, खिमटी, वरण, मऊ भात, भाजीचे सार या आपल्या तिखटामिठाच्या बाजूला मुळात दूध लागतच नाही. वरून घातलेले तूप तेवढे वगळले की झाले. वर्षाच्या आत मीठ आणि साखर दोन्ही नकोत, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते; तेव्हा चव जिरे, हिंग, ओवा आणि कोथिंबीर यांवरच आणायची होती.

खिमटी मी सासूबाईंकडूनच शिकले. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवायची, मंद आचेवर वेगवेगळी खमंग भाजायची, चमचाभर जिरे घालून रवाळ दळायची आणि लागेल तेवढी पाण्यात शिजवायची. मी तीत लाल भोपळा, गाजर किंवा पालक उकडून, कुस्करून घालत असे. तुपाऐवजी घरातलेच तेल चहाचा अर्धा चमचा घालावे, असे डॉक्टरांनी सांगितले, कारण या वयात स्निग्ध पदार्थ कमी करून चालत नाही. नाचणी मी पाण्यात शिजवून, ताक न घालता, जिऱ्याच्या आंबिलीसारखी देत असे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तरीही केवळ तिच्यावर विसंबून चालत नाही. अंगावरचे दूध आणि डी जीवनसत्त्वाचे थेंब चालूच होते. दुधाची ॲलर्जी आहे म्हणून शेंगदाण्यासारखे इतर पदार्थ भीतीने लांबवू नका, असेही त्यांनी बजावले. त्यांच्या परवानगीने मी कुटाची गुळगुळीत, पातळ पेस्ट चमच्याच्या टोकावर घेऊन, सकाळच्या वेळी, दवाखाने उघडे असताना चाखवली. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, तो देऊ नये. एक नवा पदार्थ दिला की पुढचे तीन दिवस दुसरे नवीन काही द्यायचे नाही, हा नियम मी काटेकोर पाळला आणि सारे वहीत लिहून ठेवले.

त्या वहीमुळेच एक चूक सापडली. ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या काकूंनी प्रेमाने तिच्या हाती टोस्टचा तुकडा दिला. त्या दिवशी काहीच झाले नाही आणि दुसऱ्या दिवशी मी निश्चिंत झाले. तिसऱ्या दिवशी शौचात पुन्हा आव दिसली, मानेवर चट्टे उठले आणि माझा संशय आधी त्याच सकाळी दिलेल्या दुधी भोपळ्यावर गेला. वही मागे चाळली तेव्हा टोस्ट आठवला. काकूंकडून पुडा मागून आणला. त्यावर घटकांच्या यादीखाली दूध असल्याचे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. आपल्या देशातील लेबलिंगच्या २०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर दुधासारख्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची नोंद बंधनकारक आहे, म्हणून तेव्हापासून मी आधी ती ओळ वाचते. ‘लॅक्टोज-फ्री’ एवढ्यावर विसंबू नये, कारण त्यात साखर काढलेली असते, प्रथिने तशीच असतात.

सल्ले पुष्कळ मिळाले. शेळीचे दूध द्या, म्हैशीचे द्या, असे कितीतरी जणांनी सुचवले, पण या दुधांतील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी जुळतात, की बहुतेक बाळांना त्यांचाही तसाच त्रास होतो. सोयाबीन हे आमच्या माळव्याचे पीक, त्यामुळे सोयाचे दूधही सुचवले गेले. परंतु काही बाळांना त्याचीही ॲलर्जी असते आणि बाजारातील साधे सोयापेय बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. अंगावरचे दूध पुरत नसेल, तर डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली विशेष भुकटी लिहून देतात. आम्हाला तिची गरज पडली नाही.

सप्टेंबरमध्ये भुट्टे आले. भुट्ट्याचा कीस ही इंदूरची ओळख, आणि तो दूध घालूनच शिजवतात. त्या दिवशी सासूबाई परातीत किसणी आडवी धरून कोवळी कणसे किसत होत्या. किसासोबत दाण्यांतला पांढरा रस परातीच्या कडेला साचत होता. त्या थांबल्या, बोट त्या रसात बुडवून मला दाखवत म्हणाल्या, “अगं, या कणसालाच दूध आहे की. वरून कशाला घालायचं?” त्यांनी वेगळ्या कढल्यात तेल, मोहरी आणि हिंगाची फोडणी केली, कीस त्याच्याच रसात आणि वाटीभर पाण्यात चांगला अर्धा तास शिजवला, मिरची व मीठ न घालता लेकीचा वाटा आधी बाजूला काढला आणि वरून कोथिंबीर अगदी बारीक चिरून घातली. त्या दिवसापासून घरात तिचे कढले आणि पळी निराळी झाली. तुपाचा हात लागलेली पळी तिच्या वरणात जाऊ नये, याकडे माझ्याहून सासूबाईंचेच लक्ष अधिक असते.

वर्ष पूर्ण झाल्यावर, फेब्रुवारीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध पुन्हा ओळखीचे करून देण्यास आम्ही सुरुवात केली. पिठात मिसळून बराच वेळ भाजलेल्या दुधातील काही प्रथिनांची घडण उष्णतेने बदलते, म्हणून पहिली पायरी बिस्किटाच्या कणाएवढी असते आणि नुसते दूध सर्वांत शेवटी येते. दूध घेताच काही मिनिटांत गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे असे ज्या बाळांना होते, त्यांच्यावर हा प्रयोग घरी कधीही करायचा नसतो. आमच्या लेकीने बिस्किटाची पायरी पार केली आहे. पुढची पायरी गुढीपाडव्यानंतर घ्यायची ठरली आहे, कारण पाडव्याला घरात श्रीखंडाचा चक्का टांगलेला असेल, हात कुठे कुठे लागलेले असतील, आणि त्या दिवसांत चट्टे उठले तर ते कशाचे, हे वहीलाही सांगता येणार नाही.