मागच्या महिन्याची तिकिटं नेमकी किती?

आमच्या सपोर्ट टीमचा महिन्याचा रिपोर्ट माझ्याकडे आला, कारण आधीचा लीड दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. क्लायंट शिकागोचा, टीम पुण्यात, तिकिटं (म्हणजे क्लायंटकडून आलेल्या तक्रारी आणि कामांच्या नोंदी) जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. रिपोर्ट तसा दोन आकड्यांचा: मागच्या महिन्यात किती तिकिटं आली आणि किती बंद झाली. सेव्ह केलेला फिल्टर (शोधाची अट) उघडायचा, आकडा उचलायचा, स्लाइडवर टाकायचा. हँडओव्हर तेवढाच झाला. गोम अशी की क्लायंटकडच्या मॅनेजरबाई तोच आकडा त्यांच्या बाजूने काढायच्या आणि तो आमच्याशी जुळायचा नाही. त्यांचा कायम जास्त. कॉलवर कोणीतरी "सिंकचा प्रॉब्लेम असेल" म्हणायचं आणि विषय पुढे सरकायचा. पण करारातला दंड याच आकड्यांवर ठरतो, त्यामुळे मला ते सोडून देणं जमेना.

एप्रिल २०२५ चा फिल्टर उघडला. (जेक्यूएल, म्हणजे जिरामध्ये शोधायची भाषा, रोमनमध्येच टाइप करायची असते, इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहितेय.) आत होतं: क्रिएटेड >= "२०२५-०४-०१" अँड क्रिएटेड <= "२०२५-०४-३०". वाचताना काहीच खटकत नाही. एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत, झाला एप्रिल. मग यादी तारखेनुसार लावली आणि शेवटचं तिकीट बघितलं, तर ते २९ एप्रिलच्या रात्रीचं. तीस तारखेचं एकही नाही. आता तीस तारीख म्हणजे मंथ-एंड क्लोजिंग. फायनान्सवाले त्या दिवशी तिकिटांचा पाऊस पाडतात. तो दिवस कोरा जाणं शक्यच नव्हतं.

कारण असं की जिराला नुसती तारीख दिली आणि वेळ दिली नाही, तर तो वेळ ००:०० धरतो. म्हणजे "<= ३० एप्रिल" याचा त्याच्या लेखी अर्थ तीस तारीख उजाडण्याआधीच्या मध्यरात्रीपर्यंत. तीसला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी आलेलं तिकीट हद्दीबाहेर. आपल्याला हे पटायला वेळ लागतो, कारण वीजबिलावर अंतिम तारीख ३० असली की आपण तीसला दुपारी निवांत भरतो. महिन्यातला सगळ्यात जास्त कामाचा दिवसच दर वेळी गळत होता.

काही जण यावर "२०२५-०४-३० २३:५९" असा उपाय करतात. तो मला आवडत नाही. जेक्यूएलमध्ये वेळ मिनिटापर्यंतच लिहिता येते, सेकंद लिहायला जागा नाही, त्यामुळे २३:५९:३० चं तिकीट तरीही निसटतं. शिवाय महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हे दर वेळी आठवा. सरळ पुढच्या महिन्याची पहिली तारीख घ्यायची आणि बरोबरचं चिन्ह काढून टाकायचं: क्रिएटेड < "२०२५-०५-०१".

त्याहून बरं म्हणजे तारीख टाइपच करायची नाही. जिरामध्ये स्टार्टऑफमंथ नावाचं फंक्शन आहे. कंसात -१ दिलं की मागच्या महिन्याची सुरुवात, काही दिलं नाही की चालू महिन्याची. क्रिएटेड >= स्टार्टऑफमंथ(-१) अँड क्रिएटेड < स्टार्टऑफमंथ(), एवढा फिल्टर एकदा सेव्ह केला की जन्मभर चालतो. टीममधल्या ज्युनिअरने विचारलं, "पण मॅडम, -३०डी टाकलं तर?" टाकता येतं, फक्त तो मागचा महिना नव्हे. तो आत्ताच्या क्षणापासून मागे तीस गुणिले चोवीस तास. सकाळी दहाला चालवलं तर एक आकडा, जेवून आल्यावर दुसरा. अजून एक सांगून ठेवते: या फंक्शनांच्या कंसात मोठा एम म्हणजे महिना आणि छोटा एम म्हणजे मिनिट. स्टार्टऑफडे (दिवसाची सुरुवात देणारं फंक्शन) मध्ये "-१" पुढे छोटा एम पडला तर जिरा एररही देत नाही, निमूटपणे एका मिनिटाने मागे जातो.

हे सगळं झाल्यावर एप्रिल परत काढला. फरक बराच मिटला, पण पूर्ण नाही. मग दोन्ही याद्या एक्सेलमध्ये शेजारीशेजारी लावल्या. गंमत म्हणजे आता फरक दोन्ही बाजूंनी होता: काही तिकिटं फक्त त्यांच्याकडे, काही फक्त आमच्याकडे. सगळी महिन्याच्या पहिल्या नाहीतर शेवटच्या दिवसाची. तिथेच उत्तर दिसलं. जिरा मध्यरात्र धरतो ती शोधणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जो टाइमझोन असेल त्याची. फिल्टर एकच, पण मी चालवला की पुण्याची मध्यरात्र आणि बाईंनी चालवला की शिकागोची. शिकागोत ३० एप्रिलला रात्री आठला टाकलेलं तिकीट माझ्या स्क्रीनवर १ मे, सकाळचे साडेसहा. ते त्यांच्या एप्रिलमध्ये बसतं, माझ्या मे महिन्यात.

यात चूक-बरोबर असं काही नाही, महिना कोणाचा ते ठरवावं लागतं. करार काढून वाचला. त्यात क्लायंटच्या कार्यालयाची स्थानिक वेळ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, फक्त ते पान टीममध्ये कोणी उघडलेलं नव्हतं.

मग तो शिकागोचा महिना पुण्यात बसून कसा काढायचा? पहिली सूचना आली की वेळ हाताने लिहू: "२०२५-०४-०१ १०:३०" पासून "२०२५-०५-०१ १०:३०" पर्यंत. एप्रिलपुरतं हे बिनचूक आहे, कारण तेव्हा शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. हिवाळ्यात अंतर साडेअकरा तासांचं होतं. २०२५ मध्ये नोव्हेंबरचा हा रविवार २ तारखेला. म्हणजे शिकागोचा नोव्हेंबर आपल्याकडे १ तारखेला सकाळी १०:३० ला सुरू होतो आणि १ डिसेंबरला ११:३० ला संपतो. मार्चमध्ये नेमकं उलटं. हे वर्षभर लक्षात ठेवून हाताने टाइप करणारा माणूस मला तरी माहीत नाही, आणि असला तरी तो कधीतरी रजेवर जाणारच.

आमच्याकडे रिपोर्टसाठी एक सर्व्हिस अकाउंट (कोणा एका माणसाचं नसलेलं, कामापुरतं अकाउंट) होतंच. अ‍ॅडमिनला सांगून त्याचा टाइमझोन शिकागो करून घेतला आणि रिपोर्टचे फिल्टर त्याच अकाउंटवरून चालवायचे ठरवलं. उन्हाळा-हिवाळा जिराचं जिरा बघतो. स्वतःच्या प्रोफाइलचा टाइमझोन बदलायचा मोह मात्र टाळा. दिवसभर प्रत्येक कमेंटची वेळ अमेरिकेची दिसायला लागते आणि डोकं भणभणतं.

बंद तिकिटांचा आकडा वेगळ्याच तऱ्हेचा निघाला. जुना फिल्टर रिझॉल्व्ह्ड तारखेवर, म्हणजे तिकीट शेवटचं बंद झालं त्या तारखेवर होता. तिकीट एप्रिलमध्ये बंद झालं, मेमध्ये रीओपन होऊन पुन्हा बंद झालं, की रिझॉल्व्ह्ड तारीख मेची होते आणि एप्रिलचा जुना रिपोर्ट परत काढला तर आकडा घटलेला. त्यासाठी इतिहासात शोधावं लागतं: स्टेटस चेंज्ड टू "डन" ड्युरिंग, पुढे कंसात दोन तारखा, म्हणजे या दोन तारखांच्या मध्ये स्थिती बदलून "डन" (बंद) झालेली तिकिटं. चेंज्डऐवजी वॉज वापरलं तर मार्चमध्ये बंद होऊन तशीच पडून राहिलेली तिकिटंही येतात, कारण एप्रिलमध्येही ती डनच "होती".

मुदत उलटलेल्या तिकिटांबाबत एवढंच: ड्यू डेटला वेळ नसते, फक्त दिवस असतो. ड्यू < नाऊ() (नाऊ म्हणजे आत्ताचा क्षण) लिहिलं तर आजची मुदत असलेलं तिकीट आज सकाळीच उशिरा झालेल्यांत जाऊन बसतं. तिथे ड्यू < स्टार्टऑफडे() हवं.

मध्येच एक वेगळंच काम निघालं. क्लायंटने एका जुन्या सिस्टिममधली तिकिटं सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) पाठवली, ती जिरामध्ये आणायची होती. तारखा अमेरिकन पद्धतीच्या, आधी महिना. माझ्या लॅपटॉपला भारतीय सेटिंग, आधी दिवस. फाइल एक्सेलमध्ये उघडली तर तारखेच्या कॉलममध्ये काही नोंदी उजव्या कडेला चिकटलेल्या, काही डाव्या. ०४/२५/२०२५ मध्ये पंचविसावा महिना एक्सेलला सापडेना, म्हणून त्याने ती नोंद मजकूर म्हणून डावीकडे ठेवली. ०४/०५/२०२५ चा मात्र त्याने आनंदाने ४ मे केला आणि उजवीकडे लावला, जेव्हा मूळ तारीख ५ एप्रिल होती. धोका त्या उजवीकडच्या नीटनेटक्या दिसणाऱ्या नोंदींचा. फाइल पुन्हा मागवली, या वेळी वर्ष-महिना-दिवस अशा क्रमात, आणि ती एक्सेलमध्ये न उघडता थेट जिराच्या इम्पोर्टरला (बाहेरच्या नोंदी आत आणणाऱ्या सोयीला) दिली. तिथे तारखेचा नमुना विचारतात. त्यातही मोठे दोन एम महिन्याचे आणि छोटे दोन एम मिनिटांचे. क्रिएटेडचा कॉलम मॅप करायला विसरू नका, नाहीतर सगळी जुनी तिकिटं इम्पोर्टच्या दिवशीच जन्माला आल्यासारखी दिसतात आणि त्या महिन्याच्या रिपोर्टचं काय होईल ते सांगायला नको.

आमचे डेव्हलपर गिटहबवर (कोड ठेवायची साइट, तिथेही तिकिटांसारख्या नोंदी असतात) काम करतात. तिथे क्रिएटेड:२०२५-०४-०१..२०२५-०४-३० असं मध्ये दोन टिंबं देऊन लिहिलं की तीस तारीख धरली जाते, आणि वेळ लिहायची तर तिच्यामागे +०५:३० जोडता येतं. दोन टूलांत दोन तऱ्हा, त्यामुळे एकीकडचा फिल्टर दुसरीकडे डोळे मिटून नेता येत नाही.

मे आणि जूनचे आकडे बाईंच्या आकड्यांशी जुळले. त्यावर त्यांनी लगेच साप्ताहिक रिपोर्टही मागितला. स्टार्टऑफवीक वापरणार आहे, पण त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, ते विचारणारी मेल आधी पाठवलीय.