केशरी बाटली

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या ओपीडीत पाळी पुढे ढकलण्याचा हंगाम. नॉरएथिस्टेरॉनच्या गोळीचं नाव बायकांना तोंडपाठ असतं, बऱ्याच जणी तर माझ्याकडे न येता परस्पर मेडिकलमधूनच घेतात. देवीच्या कामाला पाळी आड येते हे मला स्वतःला पटत नाही, पण त्यावर वाद घालायचं मी केव्हाच सोडलंय. रक्तात गुठळी होण्याचा, लिव्हरचा काही त्रास नाही ना, एवढं विचारते आणि लिहून देते.

त्यामुळे सिंहगड रोडवरच्या माझ्या क्लिनिकमध्ये त्या संध्याकाळी सासू-सून आत आल्या, तेव्हा मी पेन उघडूनच बसले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सून तिशीच्या आतली, गळ्याभोवती स्कार्फ. बोलल्या मात्र सासूबाईच.

"मॅडम, दीड महिना झाला, हिच्या सारखं अंगावरून जातंय. चार दिवस थांबतं की परत चालू. परवावर गौरी आल्यात. घरात पुरणावरणाचं कोण बघणार? त्या गोळ्या उष्ण पडल्यात हिला, मी आधीपासून सांगत होते."

'त्या गोळ्या' म्हणजे गर्भनिरोधक. मुलगा तीन वर्षांचा, दुसरं इतक्यात नको, म्हणून नेहमीच्या एकवीस हार्मोनच्या आणि सात लोहाच्या गोळ्यांचं पाकीट ती दोन वर्षं घेत होती. आजवर काही तक्रार नव्हती.

दोन वर्षं हे ऐकलं आणि मी पेन खाली ठेवलं. गोळ्या नव्याने सुरू केल्या की पहिले तीन महिने मधेमधे डाग दिसणं नेहमीचंच, त्याला घाबरायचं कारण नसतं. पण सगळं सुरळीत चालू असताना अचानक असं झालं तर काहीतरी बदललेलं असतं. बहुतेक वेळा गोळ्या चुकलेल्या असतात. हिने पाकीट पर्समधून काढून दाखवलं, एकही घर चुकलेलं नाही. उलट्या-जुलाब नाहीत. मेडिकलवाल्याने मधे ब्रँड बदलून दिला होता, पण तो रक्तस्राव सुरू झाल्यावर. मैत्रिणीच्या सल्ल्याने आठवडाभर दिवसाला दोन गोळ्याही घेऊन झाल्या होत्या.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"नाही."

तिने सासूबाईंकडे बघितलंही नाही. आत तपासलं तर गर्भाशयाचं तोंड स्वच्छ, पॉलिपसारखी वाढलेली गाठ नाही, जंतुसंसर्गाची खूण नाही. सोनोग्राफीही नॉर्मल. गोळ्या चालू असल्या तरी गर्भ नाही ना हे बघायचंच असतं, म्हणून लघवी तपासायला सांगितली.

पाच मिनिटांनी सिस्टर बाटली घेऊन आत आल्या आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. लघवी लख्ख केशरी होती. रक्ताची लघवी लालसर, गढूळ दिसते. ही आरपार केशरी होती, झेंडूच्या पाकळ्या भिजत घातल्यासारखी. पट्टीवर एकच रेघ आली, पण पट्टीलाच रंग चढल्यामुळे माझा तिच्यावर भरवसा बसेना. गर्भ आहे का ते रक्तातून सांगणाऱ्या बीटा एचसीजी तपासणीसाठी रक्त घ्यायला सांगितलं आणि सासूबाईंना म्हटलं, "काकू, जरा बाहेर बसता का? हिची एक तपासणी राहिलीये."

दार लागल्यावर मी तिला एवढंच विचारलं, "टीबीच्या गोळ्या कधीपासून चालू आहेत?"

तिने स्कार्फ सोडला. पुण्यात स्कार्फ बांधलेली मुलगी दिसली तर कुणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. मानेच्या उजव्या बाजूला जबड्याखाली बोराएवढी गाठ. जुलैत सुई घालून तपासली होती, गाठीचा टीबी निघाला. हा टीबी खोकल्यातून कुणाला लागत नाही, तरी घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. नणंदेचं लग्न ठरत होतं आणि 'त्यांच्याकडे टीबी आहे' एवढं वाक्य स्थळाकडे पोचलं तर काय होईल ते तिला पुरेपूर ठाऊक होतं. औषधं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. रोज सकाळी तिथे पोचल्यावर उपाशीपोटी गिळायची.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याने केशरी होतं. गोळ्या देताना तिला तेवढं सांगितलं होतं, म्हणून त्या रंगाची तिला भीती वाटली नव्हती. पण हेच औषध लिव्हरमधली एन्झाइम्स वाढवतं आणि ती एन्झाइम्स गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन नेहमीपेक्षा खूप लवकर संपवून टाकतात. हार्मोनची पातळी उतरली की गर्भाशयाचं अस्तर टिकत नाही, तुकड्यातुकड्याने पडायला लागतं. तेच हे डाग. 1971 मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी हे प्रथम नोंदवलं, तेही गोळ्या घेणाऱ्या टीबीच्या पेशंट बायकांची पाळी बिघडली त्यावरूनच.

डागांचा त्रास होत होता हे खरं, पण मला काळजी वेगळीच होती. दीड-दोन महिने ही मुलगी रोज न चुकता गोळी घेऊन प्रत्यक्षात जवळजवळ उघड्यावर होती. दुप्पट गोळ्या घेऊनही गर्भ राहणार नाही याची हमी नव्हती. हे सांगितल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

गोळ्या बंद केल्या. रक्ताचा रिपोर्ट रात्री आला, निगेटिव्ह. तीन आठवड्यांनी परत तपासायचं, तोवर कंडोम, आणि दोघांचं ठरलं तर कॉपर-टी, कारण तिच्यात हार्मोनच नसतं. तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही हेही सांगितलं, पण त्यानेही डाग लागू शकतात म्हटल्यावर तिने हातच जोडले.

मग सासूबाईंना आत बोलावलं. पाळी पुढे जायची गोळी हिला चालणार नाही, म्हटलं. हे खोटं नव्हतं, नॉरएथिस्टेरॉनही त्याच लिव्हरमधून जातं. शिवाय गोळ्या बंद केल्या की दोन-चार दिवसांत पाळी येणार, म्हणजे नेमकी गौरींच्या जेवणाला.

"म्हणजे सोळा भाज्या मी एकटीने करायच्या?"

"मुलाला घ्या की हाताशी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच केसपेपर लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी, तिची परवानगी घेऊन, तिच्या टीबीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पेपर काढून वाचून दाखवला: 'इतर औषधे – नाहीत.' विचारलं होतं, तिने नाही सांगितलं होतं. गोळ्यांना ती औषध धरतच नव्हती. आणि मी तेच विचारलं तेव्हा खुर्चीच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. दोन्ही 'नाही' आपापल्या जागी बरोबर होते. टीबीची औषधं बदलायची काहीच गरज नव्हती. मीही तेच म्हणाले, कोर्स पुरा होऊ दे, बदलायचं ते माझ्या बाजूने बदलते.

नवरात्राच्या आधी ती नवऱ्याबरोबर आली. टेस्ट पुन्हा निगेटिव्ह, डाग थांबलेले, गाठ लहान झालेली. कॉपर-टी बसवली. कोर्स संपल्यावर गोळ्याच हव्या असतील तर रिफाम्पिसिन थांबल्यावर चार आठवडे जाऊ द्यावे लागतील, असं सांगायला लागले तर म्हणाली, "नको मॅडम, ही दहा वर्षं चालते ना? राहू दे."

सासूबाईंना अजून सांगितलेलं नव्हतं. नणंदेचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, त्यानंतर बघू म्हणाली. पुरण मात्र नवऱ्याने वाटलं होतं.